हमीदामावशीचे हातमोजे

हमीदामावशी बांगड्या भरायच्या आधी हात बघायची. रेषा नव्हेत, कातडं. आपला हात ती मांडीवर घ्यायची, अंगठ्याखालचा मांसल भाग दोन बोटांनी दाबून बघायची, मनगट उलटंपालटं करायची आणि मगच टोपलीतल्या बांगड्यांकडे वळायची. माप विचारायची तिला कधी गरज पडली नाही. "हात सैल सोड गं, मी काय हाड काढून न्हेत न्हाई," हे वाक्य ती रहिमतपुरातल्या प्रत्येक बाईला एकदा तरी म्हणाली असेल.

मी काळी. सावळी म्हणायची पद्धत आहे, पण आमच्या घरात आरसे होते. आत्या, काकू सगळ्या मला फिकट रंगाच्या बांगड्या घ्यायला सांगायच्या, हात जरा उजळ दिसतो म्हणे. हमीदामावशी त्यांच्यासमोरच गडद हिरव्या बांगड्या काढायची. "गोऱ्या हातावर नुसत्या बांगड्या दिसत्यात," ती म्हणायची, "हिच्या हातावर हिरवा रंग कसा खुलतोय बघा की!" मी तेव्हा दहा-बारा वर्षांची असेन. माझ्या रंगाबद्दल कुणीतरी चांगलं बोललं होतं आणि तेही आत्याच्या तोंडावर. मी आठवडाभर बाह्या वर सारून हिंडत होते.

तरी व्हायचं ते झालंच. कॉलेजात असताना एका पार्लरवालीनं मला बिनलेबलची डबी दिली. महिनाभरात चेहरा आणि हात उजळले. घरात सगळे खूश, मी तर हवेतच. दिवाळीला मावशी बांगड्या भरायला आली आणि माझा हात पुन्हा पुन्हा उलटापालटा करून बघू लागली. "कातडं कांद्याच्या पापुद्र्यागत झालंय. काय फासतीस?" "काही नाही," मी म्हणाले. तिनं माझ्याशी वाद घातला नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाली, "वैनी, उद्या हिला साताऱ्याला न्हेऊया. मी बी येते."

साताऱ्याच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी डबी नुसती उघडून बघितली आणि कपाळाला हात लावला. त्यात जोरदार औषध मिसळलं होतं, ते असं रोज लावायचं नसतंच. पुढचे काही महिने माझा चेहरा खाजत होता, चरचरत होता आणि पहिल्यापेक्षाही काळवंडला होता. मी घराबाहेर पडेना. मावशी मात्र दर मंगळवारी यायची, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मलम लावलं का विचारायची आणि अंघोळीनंतर ओल्या हातापायांना खोबरेल चोळायला लावायची. माझ्या गालावर ती बोटं टेकवून बघायची. त्या दिवसांत माझ्या तोंडाला हात लावणारी ती आणि आई, दोघीच.

मी बी.एस्सी. झाले त्या वर्षी मावशीच्या बोटांवर पांढरे डाग आले. आधी नखांच्या कडेला, मग पेरांवर, मग तळहाताच्या मागे. कोड. त्याच डॉक्टरीणबाईंकडे या वेळी मी तिला घेऊन गेले. हे शिवल्यानं कुणाला होत नाही, त्यांनी दोनदा सांगितलं. परत येताना एसटीत मावशी आपले काळे हात निरखत म्हणाली, "गोऱ्या बाईला झालं असतं तर जवळ येऊन बघाय लागलं असतं. माझं वेशीपासनंच दिसतंय."

तिचा धंदाच हातात हात घेण्याचा. बायका तोंडावर काही बोलत नसत. "आज नको गं, परवा ये," म्हणत. तो परवा काही येत नसे. कुणी हात पदराखाली घेत. मावशी तर आता उंबऱ्यातूनच विचारायला लागली, "आत येऊ का? चालंल न्हवं?" पूर्वी ती कुणाच्याही घरात थेट मोरीपर्यंत जाऊन पाय धुऊन यायची.

अशात माझं लग्न ठरलं. विट्याचं घर, सोनं-चांदी गाळायचा, गलाईचा धंदा, माणसं तोलामोलाची. चुडा भरायला तिकडच्या बायकाही येणार होत्या. आई चाचरत म्हणाली, "हमीदाला वाईट वाटंल, पर इस्लामपूरची कुणीतरी बघूया का?" मी ताडकन म्हणाले, "चुडा भरेल तर मावशीच." बोलताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पण मनातून मी घाबरले होते. विट्याच्या बायकांचे चेहरे सारखे डोळ्यांसमोर यायचे. एकजण दुसरीला कोपर मारतेय, कुणीतरी मोबाईलवर फोटो काढतेय. काळी मुलगी तर पत्करलीच, आता हे आणि काय, असं म्हणतील. चुड्याच्या आदल्या दिवशी मी मेडिकलमधून रबरी हातमोजे आणले आणि मावशीच्या घरी गेले. "फोटोत छान दिसेल गं," मी म्हणाले. एवढं खोटं मी पार्लरच्या डबीबद्दलसुद्धा बोलले नव्हते.

मावशीनं मोजे हातात घेऊन ताणून बघितले. "बरं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सोप्यात सतरंजी घातली होती. माझ्यासमोर मावशी, बाजूला होणाऱ्या सासूबाई आणि त्यांच्या दोन जावा. मावशीनं माझा हात मांडीवर घेतला. रबराचा गार, बुळबुळीत स्पर्श. तिनं अंगठ्याखाली दाबलं, पुन्हा दाबलं. तिला काही कळत नव्हतं. त्या मोज्यांतून हाड कुठं आणि मांस कुठं, हे बोटांना लागतच नव्हतं. पहिली बांगडी कशीबशी चढली. दुसरी सांध्यावर अडकली आणि कडकन आवाज झाला.

बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. त्या क्षणी तेवढंही कुणाला सुचलं नाही. माझ्या मनगटावर रक्ताचा एक थेंब आला. आई भिंतीला टेकून उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मावशीनं शांतपणे दोन्ही मोजे काढले. पांढऱ्या बोटांचे हात सगळ्यांसमोर उघडे झाले. तिनं माझ्या हाताला हात लावला नाही. मांडीवर तळवे उताणे ठेवून ती म्हणाली, "मोजं घालून भराय यायचं न्हाई. आता तू सांग पोरी. घालू?"

तिनं मला विचारलं होतं. आणि मी सासूबाईंकडे बघितलं.

सासूबाई साध्या स्वरात म्हणाल्या, "व्हय, घाला की. कोडच हाय न्हवं? आमच्या सासूला बी हुतं." मग मीही घाईघाईनं हात पुढे केला. मावशीनं दोन्ही हात भरले. एकही बांगडी वाढली नाही, कुठं टोचलंसुद्धा नाही. सासूबाई आणि त्यांच्या जावांनीही तिच्याकडूनच बांगड्या भरून घेतल्या. ज्यांच्या भीतीनं मी आठवडाभर अर्धमेली झाले होते, त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

भरून झाल्यावर बांगड्या भरणारीच्या पाया पडायचं असतं. मी वाकले. मावशी एरवी दोन्ही तळवे डोक्यावर दाबून आशीर्वाद द्यायची. त्या दिवशी तिचे हात माझ्या केसांच्या वरच थांबले. "सुखी ऱ्हा," ती म्हणाली आणि हात पदराखाली घेतले.

आता मावशी घरोघर फिरत नाही. लेकाच्या दुकानात बसते. बांगड्या खोक्यातून येतात आणि मुली स्वतःच्या स्वतः घालतात. आम्ही आता सांगलीत राहतो. तिथून माहेरी आले की मी तिच्याकडे जाते. एकदा धीर करून माफी मागितली. "काय झालं गं त्यात? लगीन नीट पार पडलं न्हवं?" असं म्हणून तिनं चहा सांगितला. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्वचेचा भाग आला की कोड शिवल्यानं होत नाही, हे मी फळ्यावर लिहिते. मुलं वहीत उतरवून घेतात. परवा एका मुलीनं विचारलं, "मग लोक का घाबरतात, मॅडम?"

"अज्ञानामुळे," मी म्हणाले. दरवर्षी मी हेच सांगते. ते खोटं आहे. मला सगळं माहीत होतं.