केला की झाला?

"केला की झाला?" असं विचारून आमच्या शिष्टरबाई समोरच्याच्या तळहातावर दगड ठेवत आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहत.

म्हणजे हा दगड कुण्या आदिमानवाने घाव घालून घडवला, की नदीत गडगडत, उन्हात तडकत आपसूक असा झाला? बहुतेक जण "केला" म्हणत. तसं म्हटलं की बाईंना बरं वाटेल असा त्यांचा समज असे. बाई लगेच विचारत, "कशावरून?"

मी तेव्हा नेवाशाच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि त्या नर्स. अंगाने किरकोळ, आवाज खणखणीत. अडलेल्या बाळंतिणीला धीर देताना जो आवाज, तोच भाजीवालीशी बोलताना. सुट्टी मिळाली की एक कापडी पिशवी घेऊन प्रवरेच्या काठाने एकट्या हिंडत. सापडलेले दगड वर्तमानपत्रात गुंडाळून खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत.

एकदा त्यांनी मला बदामाच्या आकाराचा एक काळा दगड दिला. उजव्या हातात अंगठ्याला जागा सापडेना, डाव्यात मात्र तो अगदी बरोबर बसला.

"डावखुरा असणार," मी म्हणालो.

"आता त्याचं गोत्रही सांगून टाका," बाई म्हणाल्या. मग भिंग देऊन त्यांनी मला कड दाखवली. "एक टवका कसाही उडतो, भाऊ. वरून धोंडा येऊन आदळला तरी उडतो. पण त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा, थेट धार येईपर्यंत? एवढी चिकाटी नदीला नसते."

या नादात त्यांना एक जोडीदार होते. भिंगारला लष्कराच्या गोदामात नोकरी करून निवृत्त झालेले एक काका. दर रविवारी एसटीने येत. बायको वारल्यापासून त्यांना रविवार जड जायचा, हे त्यांनी सांगितलं नाही तरी आम्हाला कळत होतं. बाई हत्यारं शोधत, काकांना दगडात चित्रं दिसत.

"हा मोर बघा, सिस्टर. ही मान, हा तुरा."

"मला तर वांगं दिसतंय, काका."

दोघं असे भांडत, चहा पीत आणि पुन्हा भांडत.

एका रविवारी मात्र काका आले ते थेट टेबलापाशीच बसले. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला दगड त्यांनी टेबलावर उभा केला. दगडात मांडी घालून बसलेली बाई, मांडीवर पोर. डोकं किंचित झुकलेलं, आणि दोन बारीक डोळे.

"पुण्याच्या तज्ज्ञांकडे पाठवतो," काका म्हणाले. "आपल्या दोघांच्या नावाने. तुम्ही फक्त 'केला' म्हणा."

बाईंनी दगड खिडकीपाशी नेला. भिंग लावून बराच वेळ बघितला. दगड सगळा तांबूस, जुना. डोळ्यांच्या खाचा मात्र आतून पांढरट होत्या. बाईंनी भिंग खाली ठेवलं.

"काका, डोळे ताजे आहेत."

काका खाली बघू लागले. मग म्हणाले, "माती बसली होती, ती दाभणाने काढत होतो. हात जरा खोल गेला. मग दुसराही करावा लागला." आणि थोडं थांबून, "आधीपण ती बघतच होती हो, सिस्टर."

"पाठवू नका," बाई म्हणाल्या. "घरी ठेवा."

त्यांनी दगड फडक्यात गुंडाळला आणि निघून गेले. चहाला कुणी हात लावला नाही. पुढच्या रविवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

तेवढ्यात बहात्तरचा दुष्काळ आला आणि रविवार, सोमवार सगळे सारखेच झाले. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायांची बोटं चेचत, डोळ्यात कपच्या जात. बाई मलमपट्टीचं सामान घेऊन तिथं जात, कधी मीही बरोबर असे. एका दुपारी एकीचं बोट बांधता बांधता त्या थांबल्या. ढिगाच्या कडेला पडलेली एक कपची उचलून त्यांनी उलटसुलट केली.

"ही तुम्ही फोडली?"

"व्हय. सकाळधरनं हेच तर करतोय आमी," ती बाई म्हणाली. "काय हाय त्यात?"

"काही नाही. मी नेऊ?"

"न्या की. लई हायेत."

त्या दिवसापासून त्या बाया फोडता फोडता काही वेगळं दिसलं की बाजूला काढून ठेवू लागल्या. 'शिष्टरबाईचा दगूड' म्हणायच्या.

आठवडाभर बाई कामावरून आल्या की ट्रंक उघडून बसत. मग एके सकाळी मला म्हणाल्या, "भाऊ, भिंगारला येता का?"

काकांनी दार उघडलं. आम्हाला बघून ते जरा गडबडले, मग चहाचं आधण ठेवायला वळले. बाईंनी त्यांना थांबवलं आणि दोन कपच्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

"ही माझ्या ट्रंकेतली. इतकी वर्षं मी हिला हत्यार म्हणत आले. ही दुसरी खडीवरच्या एका बाईने फोडलेली. तिला काही घडवायचं नव्हतं. रंग सोडला तर मला फरक सांगता येत नाही, काका. निम्मी ट्रंक उपसली मी."

"टाकून दिलेत?"

"नाही. वेगळे ठेवलेत. वर चिठ्ठी लावलीय, 'माहीत नाही'."

काका दोन्ही कपच्या चाचपत राहिले. बाई म्हणाल्या, "तुमची ती बाई कुठाय? त्या दिवशी मी डोळेच तपासत बसले. तिला बघायची राहिली."

काकांनी ती स्वयंपाकघरातल्या फळीवरून आणली. बाईंनी पिशवीतून भिंग काढलं नाही. दगड मांडीवर घेऊन नुसत्या बघत बसल्या.

"मांडीवरचं पोर छान आहे," त्या म्हणाल्या.

"ते मी केलेलं नाही."

"ठाऊक आहे."

मग चहा झाला, आणि जुन्या मोरावरून भांडणही झालं.

पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली, तिसगावकडे, त्यांच्या माहेराजवळ. ट्रंक त्यांनी बरोबर नेली. काकांचं नेवाशाला येणं थांबलं. आता ते तिकडची गाडी धरत असावेत.

बाई गेल्यावर काही दिवसांनी खडीवरची एक बाई दवाखान्यात आली. उन्हातून चालत आली होती. पदराच्या टोकाला काहीतरी जड बांधलेलं.

"शिष्टरबाई हायेत का?"

"त्यांची बदली झाली."

तिला ते पटेना. आत डोकावून तिने खुर्चीवरच्या नव्या नर्सकडे बघितलं.

"दगड आणलाय का? मला दाखवा," मी म्हणालो. "मलाही थोडंफार कळतं."

तिने मला खालून वर न्याहाळलं. पदराची गाठ जरा सैल झाली होती, ती तिने दातांनी ओढून घट्ट केली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्यांलाच दावीन." माठातलं पाणी प्यायली, आणि तिसगावची गाडी कुठून सुटते ते विचारून गेली.