आमच्या घरातले खून

शिलाई मशीनखाली चिंध्या साठतात, तसे हे किस्से साठले आहेत. रोज थोडं कापलं जातं, खाली पडतं, कोणी लक्ष देत नाही. एक दिवस झाडू मारायला जावं तर हा ढीग! फेकून द्यावं म्हटलं, तर एखादा तुकडा हाताला लागतो आणि माणूस तो बघत तिथंच बसून राहतो.

मी शिंपी. इकडे तेलुगू मुलखात, चिक्कडपल्लीत माझं दुकान होतं, गुडघे गेले तसं बंद केलं. शाळा चौथीपर्यंत. माझी बायको मंदाकिनी मात्र मराठी शाळेत बाई होती, आणि ती रहस्यकथा लिहिते. तिच्या सगळ्या कादंबऱ्यांत नायिका एकच, रेवती पारखी. खाजगी डिटेक्टिव्ह. आमच्याच शहरात, आबिड्सच्या बाजारात चपलांच्या दुकानावर तिचं ऑफिस आहे. जुनी स्कूटर चालवते, लग्न केलेलं नाही, आणि चहा माझ्यापेक्षा जास्त पिते.

लोक मला म्हणतात, "अण्णा, लेखिकेच्या घरी काय शांतता असेल!"

या राहायला.

*

मंदाचा एक हट्ट आहे. पुस्तकात जे घडणार, ते आधी घरात घडवून बघायचं. पडलेल्या माणसाचा हात सोफ्याखाली पोचतो की नाही, हातपाय बांधल्यावर पाण्याचा तांब्या लवंडता येतो की नाही. हे सगळं माझ्यावर! माझा गळा आवळून झाला आहे. जिन्यावरून ढकलायचंही ठरलं होतं, गुडघे दाखवून सुटलो.

एकदा सकाळी मी हॉलमध्ये पालथा पडलो होतो. पाठीवर कुंकवाचं पाणी ओतलेलं, कारण डाग सदऱ्यावर कसा पसरतो ते तिला बघायचं होतं. सदरा नवा होता, मीच शिवलेला. जुना का नाही घेतला, असं विचारलं, तर म्हणाली, "मेलेला माणूस श्रीमंत आहे."

दार उघडंच होतं. वरच्या मजल्यावरच्या सरस्वतम्मा, बँकेतून रिटायर झालेल्या, विरजण मागायला वाटी घेऊन आल्या. मला बघून वाटी हातातून पडली आणि त्या तेलुगूत ओरडल्या, अण्णांना काय झालं!

"अय्यो! अण्णागारूकु एमैंदी?"

मंदाची नजर घड्याळावर. ती म्हणाली, "कुछ नहीं हुआ जी, मर गए. बैठो तुम, विरजण देती."

मला हसू आलं, तर उलट माझ्यावरच ओरडली, "अहो, हलू नका! डाग अजून पसरतोय!"

*

पुस्तक छापायला जाण्याआधी आमच्या घरी रविवारी त्याचं वाचन होतं. मंदा वाचते, बाकीचे ऐकतात, मी चहा करतो. शेवटचं प्रकरण मात्र राखून ठेवलेलं असतं. ते वाचण्याआधी प्रत्येकानं खुनी कोण ते सांगायचं. खोलीत बसलेल्या कोणाचंही उत्तर बरोबर आलं, की मंदा ते प्रकरण सगळ्यांसमोर फाडते आणि नव्यानं लिहायला बसते. तिचं म्हणणं, "एकाला कळलं ते सगळ्यांना कळणार. मग पुस्तक कशाला वाचतील?"

बरकतपुऱ्याचे गोविंदराव, पोस्टातून निवृत्त झालेले, यांचं उत्तर कायम एकच. "सुनेनं मारलं!" पुस्तक कुठलंही असो. घरात त्यांचं सुनेशी पटत नाही, त्याला रेवती पारखी काय करणार?

एका पुस्तकात मेलेला माणूस अगदी एकटा होता. बायको नाही, मुलगा नाही. मंदा मुद्दाम म्हणाली, "आता बोला, गोविंदराव."

गोविंदरावांनी बराच वेळ विचार केला. म्हणाले, "वहिनी, मुलगा लपवलाय तुम्ही. सून मागच्या दारानं येणार."

*

खुनी कोण हे मला आधीच ठाऊक असतं. तालमीत मंदा ज्याच्या नावानं मला मारते, तोच खुनी! पण मी बोलत नाही. एक तर मला बोलायला वेळ लागतो. गोविंदराव म्हणतात, "अण्णा वाक्य पुरं करतात तोवर पुस्तक छापून येतं."

हेच गोविंदराव एकदा उस्मानिया बिस्किटांचा मोठा पुडा घेऊन स्वयंपाकघरात आले. माझ्यासमोर ठेवला. हळूच म्हणाले, "अण्णा, नाव नको. नुसतं सांगा, बाई की बुवा?"

मी बिस्किटं खाल्ली. मग म्हणालो, "ताजी आहेत."

*

सरस्वतम्मांना मराठी अर्धंमुर्धं कळतं. एका रविवारी त्या कढीपत्ता न्यायला आल्या आणि सहज दाराशी टेकल्या. शेवटून दुसरं प्रकरण चाललं होतं. मंदानं विचारलं, "सांगा, कोण?" कोणालाच येईना.

मागून आवाज आला, "वो डॉक्टरइच है जी."

मंदाचा चेहरा उतरला. डॉक्टरच होता!

"आपको कैसे मालूम?"

"इतना मीठा कौन बात करता?"

गोविंदराव चिडले, म्हणाले, या मंडळातल्या नाहीत, यांचं धरू नका. पण आमच्यातली सगळ्यात लहान, केतकी म्हणाली, "खोलीत आहेत ना? मग झालं!" मंदानं कागद फाडले.

शिवणीचं आणि रहस्यकथेचं सारखंच. एक टाका निघाला, की सगळं उसवून परत शिवावं लागतं. खुनी बदलला म्हणून शेवट बदलला, शेवट बदलला म्हणून खुनाची तऱ्हा बदलली. घरात महिनाभर खिचडी, आणि मला पुन्हा एकदा उशीखाली गुदमरावं लागलं. सरस्वतम्मांना जाताना कढीपत्ता मिळाला तो मिळालाच.

*

केतकी म्हणजे पुण्याची मुलगी, इथं आयटीत आहे. मराठी बोलते फटाफट, वाचताना मात्र अक्षरं चाचपडते. म्हणून दर रविवारी ऐकायला येते. तिची एक तक्रार कायमची.

"काकू, रेवती मोबाइल का वापरत नाही? लोकेशन टाकलं, एक कॉल केला, मॅटर क्लोज!"

मंदा म्हणते, "मग कादंबरी पानभराची होईल." म्हणून रेवतीचा फोन नेमका अडचणीच्या वेळी बंद पडतो. बॅटरी संपलेली! प्रत्येक पुस्तकात.

शेवटी केतकी वैतागली. एका रविवारी चमकी कागदात बांधलेली पॉवर बँक घेऊन आली. वर लिहिलेलं, 'रेवती पारखी यांस'. सगळे हसले. मंदा हसली नाही. तिनं ती नीट कपाटात ठेवली.

मध्ये दिवसभर वीज गेली आणि माझा फोन बंद पडला. मी पॉवर बँक मागितली.

"हात लावू नका. ती रेवतीची आहे."

"अगं, पण ती तर..."

"ती काय?"

मी चपला घातल्या. बाहेर जाऊन सरस्वतम्मांच्या फोनवरून परगावी असलेल्या आमच्या मुलीला कळवलं, की आम्ही जिवंत आहोत.

*

रेवतीच्या पुस्तकात माझाही एक वाटा आहे. डिटेक्टिव्ह बाईनं किल्ल्या कुठे ठेवाव्यात, यावर मंदा अडली होती. मी ब्लाउजला आतून चोरखिसा सुचवला. पुस्तकात तो आला, आणि दुकानात बायका यायला लागल्या. "अण्णा, पारखी खिसा लावून द्या!"

मग एक दिवस एक गृहस्थ आले, बायकोचे चार ब्लाउज घेऊन. म्हणाले, "हे खिसे काढून टाका. हे आल्यापासून मला घरातलं काहीही कळेनासं झालंय."

मी ब्लाउज तसेच परत केले. शिवलेलं मी उसवतो, पण ज्याचं माप घेतलं त्यानं सांगितलं तर.

*

पुण्याच्या प्रकाशकांचा एकदा फोन आला. रेवतीचं ऑफिस पुण्याला हलवता येईल का? वाचकांना आबिड्स कुठं आहे ते माहीत नाही.

मंदा म्हणाली, "पुण्यात डिटेक्टिव्ह लागतो कशाला? तिथं न विचारता सगळे सगळं सांगतात!"

फोन ठेवला आणि त्याचा राग माझ्यावर काढला. तीन खोल्यांत मला विचारत फिरली, "आबिड्स माहीत नाही म्हणजे काय? म्हणजे काय हो?" जणू मीच विसरलो होतो.

*

मग मंदाचे डोळे बिघडले. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. ती म्हणाली, "अक्षरं दिसत नाहीत. पण तुमच्या नर्सबाईंचं आणि तुमचं सकाळी भांडण झालंय, एवढं ऐकू येतंय."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आहे तेवढं टिकवायचं. गेलेलं परत येणार नाही."

घरी येताना रिक्षात ती चष्मा पदरानं पुसत राहिली. मी बोललो असतो, पण घर आलं.

त्यानंतर ती सांगते आणि मी लिहितो. चौथी शिकलेला माणूस! माझा हात कात्रीला सवकलेला, पेनला नाही. ती कपाळावर हात मारते.

"अहो, 'रेवती धावत सुटली' एवढं लिहायला इतका वेळ? तोवर ती पोचली, परत आली आणि चहा प्यायली!"

"जेवढं जमतं तेवढं लिहितो."

"दोन शब्द लिहिले की थांबून काय बघता?"

"सरळ आलेत का ते बघतो."

*

शेवटचं प्रकरण सांगायला बसली तेव्हा म्हणाली, "लिहा. रेवती मरते."

मी पेन खाली ठेवलं.

"कशाला?"

"मग काय करू? मला दिसत नाही. हे शेवटचं पुस्तक. तिला काय त्या ऑफिसात वाट बघत बसवू?"

मी खूप विचार केला. म्हणालो, "तिचं लग्न लावून दे."

"लग्न? त्यापेक्षा विष बरं!"

"मी आहे ना लिहायला."

"तुमच्या वेगानं? आणि रोज तुमच्यावर खेकसत? मला नाही जमणार. लिहा."

मी लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट अक्षर आलं. या घरात मी इतक्या वेळा मेलो आहे, कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

*

त्या रविवारी गोविंदरावांनी वाचलं. माझं अक्षर बघून म्हणाले, "अण्णा, पोस्टात असले पत्ते आम्ही परत पाठवायचो!"

शेवटून दुसरं प्रकरण. रेवती आबिड्सच्या ऑफिसात एकटी. कोणीतरी चहात विष कालवलेलं, तिनं अर्धा कप प्यायलेला. दार बाहेरून बंद. मोबाइल काढला, तर बॅटरी संपलेली.

"काकू!" केतकी ओरडली.

तिथं प्रकरण संपलं. शेवटचं प्रकरण मंदाच्या मांडीवर होतं. त्यात काय आहे, ते खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मंदानं विचारलं, "सांगा, विष कोणी घातलं?"

केतकी म्हणाली, "घरमालक." सरस्वतम्मा म्हणाल्या, "वो टायपिस्ट लडकी." गोविंदराव म्हणाले, "सुनेनं," पण आवाजात जोर नव्हता.

"चुकलात सगळे," मंदा म्हणाली आणि कागद गोविंदरावांपुढे केले. "वाचा."

मी हात वर केला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला शब्द जुळवायला नेहमीसारखाच वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

"वकिलानं घातलं," मी म्हणालो. "तिला पहिली केस ज्यानं दिली, त्या वकिलानं."

खोलीत एकच गोंधळ झाला! गोविंदराव उठून उभे राहिले. "अण्णा! माझी बिस्किटं खाऊन गप्प बसलात, आणि आज फितूर झालात?"

"काका, हे चीटिंग आहे! तुम्हीच तर लिहिलंय ते!"

"हे धरायचं नाही, वहिनी! अजिबात धरायचं नाही!"

सरस्वतम्मांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "नक्को जी, ऐसा नक्को. कमरे में जो बैठा, वो बोल सकता. मेरे टाइम पे तुम लोगांच बोले थे."

मंदा माझ्याकडे बघत होती. म्हणजे मान जरा बाजूला वळवून. आता माझा चेहरा बघायचा तर तिला असंच बघावं लागतं.

"सगळं परत लिहावं लागेल, कळतंय का?"

"हो."

"तुमच्या वेगानं."

"हो."

"मी खेकसणार."

"खेकस."

तिनं मांडीवरचे कागद उचलले. आधी आडवे फाडले, मग उभे. मग उठली. भिंतीला हात लावत कपाटापर्यंत गेली, आत चाचपलं, आणि परत येऊन पॉवर बँक केतकीच्या हातात दिली.

"ही चार्जिंगला लाव गं," ती म्हणाली.