गुडघ्यावरची खूण

आमच्या घरात दर शुक्रवारी पोरींना तिळाचं तेल चोळून न्हाऊ घालायचा मान आत्याचा. चोळता चोळता गुडघ्याशी हाडावर बोराएवढी टणक गाठ हाताला लागली, की ती ओरडायची, "आमचीच गं बाई!" माझ्या वडिलांना, अप्पांना, गाठी होत्या, आत्याला होत्या, मलाही. राजांबरोबर तंजावरला आलेल्या रक्ताची ती खूण, असं आम्हाला सांगत. धाकट्या भावाला एकही नव्हती. "तुला मोठ्या देवळाच्या दारातून उचलून आणलंय," म्हणून आम्ही त्याला रडवायचो. अडाणीपणा, दुसरं काय! पण अभिमान होता खरा.

माझं सासर माहेरच्याच गल्लीत, राजवाड्यामागे. माझ्या लेकीचे गुडघे कोरे. "येईल गं, एखादीला उशिरा येते," आत्या माझी समजूत घालायची.

मग गल्लीत घरोघरी केबल टीव्ही येऊ लागला त्या सुमाराला अप्पांच्या कमरेच्या हाडावरची जुनी गाठ वाढायला लागली. मद्रासच्या डॉक्टरांनी सांगितलं, कूर्चेचा, म्हणजे हाडाच्या टोकाशी असतं त्या मऊ हाडाचा कॅन्सर. औषधांना, किरणांना तो दाद देत नाही, कापायलाच हवं. अप्पांचा उजवा पाय कमरेपासून गेला.

डॉक्टरांनी मला तमिळमध्ये नीट समजावलं. पेशींभोवती साखरेच्या लांब साखळ्या असतात. वाढत्या हाडाने कुठे थांबायचं, हे निरोप त्यांच्यामुळे पोचतात. त्या साखळ्या बनवणारं आमच्या घराण्यातलं एक जनुक बिघडलेलं, म्हणून कूर्चा भलतीकडे वाढून गाठी होतात. बहुतेक जन्मभर गप्प असतात, एखादी उलटते. लेकीत ते उतरलं असण्याची शक्यता निम्मी. बारा वर्षांपर्यंत गाठ दिसली नाही, तर बहुधा नाहीच.

तिला बारावं सरत आलं होतं. अप्पा घरी आल्यापासून मी तिला आत्याच्या हाती दिलंच नव्हतं. भीती वाटायची हो, फार भीती वाटायची.

शेवटी एका शुक्रवारी मीच तिला पाटावर बसवलं. आत्याने गुडघे चाचपले, घोटे, मनगटं, खांदे, पुन्हा गुडघे. पलीकडच्या खोलीत अप्पा खाटेवर कान देऊन पडले होते.

"ऐकलंस का रे?" आत्या एकदम ओरडली. "आमची नव्हे! आमची नव्हे गं बाई, देव पावला!"

आतून अप्पांचं रडणं ऐकू आलं. लेक कावरीबावरी होऊन माझ्याकडे बघायला लागली.

"अम्मा, मग मी कुणाची?"

मी तिचे तेलकट गुडघे छातीशी धरून बसले.