ओरिजिनल की लोकल... आणि आमच्या गाडीचा आवाज

गेल्या मंगळवारी आमची गाडी नेहरू नगरच्या गॅरेजमध्ये होती. इंजिन साखळीला टांगलेलं, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले होते. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही मला वेड्यात काढणार आहात...

गाडी बाबांची. ते गेल्या वर्षी गेले, तेव्हापासून ऑफिसला मीच ती नेते. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं ती पार फाटली होती, ब्रेक दाबला की आतून कुणीतरी ढकलल्यासारखं व्हायचं.

गॅरेजवाले नफीसभाई म्हणाले, "मैडम, ओरिजिनल आना बंद हो गया. कहीं पुराना स्टॉक मिला तो ठीक, रुकना पड़ेगा. लोकल तो अपन आज ही डाल दें... पर उसका रबर सख़्त आता है, गाड़ी की आवाज़ बदल जाएगी."

बाकी कशालाही मी हो म्हटलं असतं. पण आवाज बदलणार म्हटल्यावर घाबरले.

शिवाजी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये आई त्या आवाजावर जगते, असं मला वाटायचं. गाडी कोपऱ्यावर वळताना एक घरघर, फाटकाशी दोन हिसके, मग शांत... तेवढ्यात आई हातातलं काम टाकून फाटक उघडायला पोचलेली. बाबा असताना तशीच, ते गेल्यावरही तशीच. मी उतरले की क्षणभर माझ्या मागे बघते, मग "आलीस का" म्हणते.

तिचा तो आवाज मी कसा काढून घेणार? नफीसभाईंना म्हटलं, ओरिजिनलच शोधा, तोवर मी ऑटोने जाईन.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी हॉलमध्ये मटार सोलत बसलो होतो. टीव्ही बंद, शेजारचे गावाला गेलेले. आणि घरघर आली... कोपऱ्यावरून. मग फाटकाशी दोन हिसके. मग शांत.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. दुसऱ्या कुणाची गाडी असेल म्हणून खिडकीशी गेले. फाटकाला कडी, गाडीची जागा रिकामी, कोपऱ्यापर्यंत शुकशुकाट...

मागे वळले तर आई जागची हललीच नव्हती. मान खाली घालून मटार सोलत होती.

"तुला पण ऐकू आलं?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"मला रोज येतं. तू गाडी घेऊन ऑफिसात असतेस ना, तेव्हा पण. दुपारी जरा डोळा लागला की हमखास. दर वेळी उठून फाटकापर्यंत जाते." मग ताटातले दाणे हाताने सारखे करत म्हणाली, "त्या नफीसला सांग, लोकल बसव म्हणावं. मला आता बसू दे गं जरा."

मला रडूच फुटलं. इतके महिने ज्याला मी तिचा आधार समजत होते, तो तिला दमवत होता.

दुसऱ्या दिवशी लोकल बसवली. गाडी आता परकी वाटते, स्टिअरिंग हातात थरथरतं. नफीसभाई म्हणतात, "चल जाएगी मैडम, बैठ जाएगा रबर."

संध्याकाळी त्या नव्या, घोगऱ्या आवाजात कोपऱ्यावर वळले. कुणी बाहेर आलं नाही. फाटक मीच उतरून उघडलं... आणि खरं सांगू, क्षणभर मीही माझ्या मागे बघितलं.

आत आई शाल ओढून दिवाणावर झोपली होती. माझ्या चपलांचा आवाज झाला तशी डोळे न उघडताच तिने विचारलं, "कोण?"

"मी गं."

"बरं," म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागली.

बाबा, त्या दिवशी फाटकाशी तुम्हीच आला असाल, तर रागावू नका... आईला फार दिवसांनी झोप लागलीय.