एका भोकात एकच रोप

मसोलीला आमच्या चिकूच्या वाडीमागे मी शेडनेट उभारलं, भोकं पाडलेले पांढरे पाइप मांडले आणि मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर लेट्यूस पिकवायला लागले, तेव्हा शेजारीपाजारी हसले. हसली नाही ती एक मावशी. तलासरीकडच्या पाड्यावरून लेकीकडे राहायला आलेली आणि माझ्याकडे भाजी काढायचं-धुवायचं काम करणारी. आई गेल्यानंतर मी कुणाचं ऐकत असेन तर तिचंच.

दोन हजार सतराच्या पावसाळ्याच्या तोंडाशी तापानं मला पंधरा दिवस आडवं केलं. नवी रोपं लावायची राहिली होती. "मी लावते, तू पड," मावशी म्हणाली. लावण्याचं काम एरवी माझं. तिला कसं लावायचं ते सांगायचं मला सुचलंच नाही.

उठून पाहते तर पाइपाचं एकूण एक भोक भरलेलं, आणि प्रत्येकात तीन-तीन रोपं! भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, तीन-चार काड्यांचा चूड एकत्र रोवतात. जन्मभर तिनं तेच केलेलं.

"बघ, एकपण भोक रिकामं नाय ठेवलं," ती कौतुकानं म्हणाली.

कोथिंबीर असती तर एवढी दाटी खपली असती. लेट्यूसला ऐसपैस जागा लागते. मी एका भोकात एकच रोप लावून पुढचं भोक मोकळं सोडायचे. इथे उजेडासाठी धडपडून रोपं काटकुळी झालेली आणि हवा न लागल्यानं खालची पानं सडायला लागलेली. माझं डोकं फिरलं. भाजी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर मी म्हटलं, "मावशी, कळत नाही तर हात कशाला लावायचा?"

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. लेक म्हणाली, पाड्यावर गेली, आता तिकडेच राहणार म्हणते. वडील एवढंच म्हणाले, "जिभेला हाड नाही तुझ्या." मी सगळं उपटून पुन्हा लावलं, शहाण्यासारखं अंतर राखून. रोपं छान फोफावली, आणि मला घास गोड लागेना.

आवणी सुरू झाल्यावर तलासरीची बस धरली. मावशी शेतात वाकलेली होती. तिनं रोपांची एक जुडी माझ्या हातात दिली. मी चिखलात उतरले आणि सवयीनं एकेक काडी वीत-वीतभर अंतरावर रोवत गेले. ती माझ्या मागून येत प्रत्येक काडीशेजारी आणखी दोन खोचत होती, मधल्या जागा भरत होती. बाकीच्या बायका खुसुखुसु हसत होत्या. तिनं मात्र त्यांच्यासमोर मला एक शब्द सुनावला नाही. ओळ संपली तसं मला रडूच फुटलं.

"मावशी, चुकले मी."

"सांगितलं असतंस तर मीच उपटली असती," ती हळू म्हणाली. "लोकांदेखत कशाला बोललीस?"

तिनं चिखलाच्या हातानंच माझे डोळे पुसले. "आवणी आटपू दे. येते मी."

परतीच्या बसमध्ये माझा अवतार बघून शेजारी कुणी बसेना. नका बसू म्हटलं, माझी मावशी परत येणार आहे.