बांधाकाठची टिटवी

प्रकाशा गावाच्या शिवारात तापीच्या अंगाला रंजनाबाईचं शेत आहे. त्या शेतात शिरायची डुकरालाही छाती होत नाही, असं गावात म्हणतात. साफ खोटं. डुकरं चांगली शिरतात, म्हणून तर बाईच्या तोंडाचा पट्टा बारा महिने चालू असतो. पावसाळ्यात मोर कपाशीचे कोंब उपटतात, हिवाळ्यात डुकरं मका लोळवतात, पुढे केळीवर वानरं येतात. कोण कुठून येतं, कुठे बसतं, पिल्लं कधी घालतं, सगळं बाईला पाठ. कुणाला वाटेल, हिला भारी पाखरांची आवड. आवड कसली डोंबलाची! वैऱ्याची खबर ठेवावी तशी ती ठेवायची.

आणि सगळ्यांत मोठा वैरी बांधापलीकडे. धर्मेंद्र, तिचा सख्खा दीर. नवरा गेल्यावर वाटणी झाली, मध्ये एक बांध राहिला. दर उन्हाळ्यात नांगरट करताना हा गडी तो बांध थोडा थोडा कोरून तिच्याकडे सरकवायचा. म्हणून बाई त्याच्या आधी नांगरून घ्यायची, तेही अगदी बांधाला चिकटून. बांधाकडेची पट्टी पडीक दिसली, की ती धर्मेंद्रने गिळलीच म्हणून समजा.

या वैशाखात भाड्याने नांगरून देणाऱ्या करणसिंगचा ट्रॅक्टर आला, वावर उलथत उलथत बांधापाशी पोचला आणि थांबला. पुढे जमिनीवर, खड्यांच्या रिंगणात, टिटवीची अंडी होती. ढेकळांच्या रंगाची. करणसिंग खाली उतरला.

"तठे अंडा शेतस, काकी. मन्हाकडथून व्हवाव नही."

"मंग ट्रॅक्टर कसाले लयना? आरती करानी शे का तिनी?"

शिव्या खाऊनही तो बधला नाही. नांगर उचलून, वळसा घालून निघून गेला. बांधालगतची लांब पट्टी तशीच राहिली. रंजनाबाईचं डोकं भणभणलं. एका पाखरापायी जमीन जाणार, तीसुद्धा या धर्मेंद्रच्या घशात!

मग तिला युक्ती सुचली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेतात गेली, अंडी अलगद पदरात घेतली आणि बांध ओलांडून दिराच्या वावरात नेऊन ठेवली. आता सोड म्हणावं तू तुझी पट्टी. आपला रस्ता मोकळा झाला, की करणसिंगला परत बोलवायचं. टिटव्या डोक्यावर घिरट्या घालत केकाटत होत्या, चोच मारायला येत होत्या. बाईने त्यांनाही चार शब्द सुनावले. घरी जाऊन भाकरी खाल्ली ती पोटभर, गालातल्या गालात हसत.

दुपारी उन्हाचा नुसता जाळ झाला होता. बाई आपल्या करामतीचं फळ बघायला म्हणून आली आणि बांधावरच थबकली. टिटवी जुन्या जागी बसली होती. रिकाम्या खड्यांवर. पंख अर्धे पसरून सावली धरली होती, आणि त्या सावलीत काहीच नव्हतं. अंडी पलीकडे उघड्यावर भाजत होती. बाईने हात लावला तर विस्तवातून काढलेल्या वांग्यासारखी गरम.

ती धावली. खरंच धावली, या वयात. अंडी परत त्या रिंगणात ठेवली आणि लांब जाऊन बसली. टिटवी ठिबकच्या नळीखालच्या ओलीत पोट भिजवून आली आणि गारवा द्यायला त्यांच्यावर बसली. आपण काय करून बसलो, ते रंजनाबाईला तेव्हाच कळलं होतं.

बाकीच्या वावरात कपाशी लागली, उगवलीसुद्धा. नदीकडच्या टिटव्यांची पिल्लं आयांच्या मागे तुरुतुरु पळायला लागली. ही मात्र बसूनच. करणसिंग दोनदा विचारायला आला, बाईने त्याला दोन्ही वेळा हाकलून लावलं.

शेवटी धर्मेंद्र ट्रॅक्टर घेऊन बांधावर उभा राहिला.

"भाभी, यंदा पट्टी सोडी दिन्ही वाटस."

"तठे पाय ठेवशी ते तंगडं मोडसू."

त्याने टिटवीकडे पाहिलं आणि हसला. "त्या अंडा मरेल शेतस. इतला दिन कोठे लागतस? काढी फेक, नांगरी टाक. मी चालना जासू."

बोलला ते खरं होतं, अंडी केव्हाच मेली होती. अंडी उचलून फेकली असती, पट्टी नांगरली असती, तर त्याला बोलायला तोंडच नव्हतं. बाई रिंगणापर्यंत गेली. वाकली. टिटवी उठेना. मान ताठ करून, लाल डोळा तिच्यावर रोखून बसून राहिली. बाई तशीच मागे वळली.

"माले ठाऊक शे," ती म्हणाली. "मीच मारेल शेतस. बसू दे तिले."

धर्मेंद्रला त्यातलं काही कळलं नाही, पण ती भांडत नाही एवढं बरोबर कळलं. त्याने ट्रॅक्टर चालू केला. टिटवीला वळसा घातला, तेवढी दया त्याच्यात होती, आणि बाकीची पट्टी नांगरून बांध तिच्या कपाशीपर्यंत आणून टाकला. रिंगण आता त्याच्या हद्दीत गेलं.

रंजनाबाई बघत उभी राहिली. ट्रॅक्टर गेल्यावर टिटवी उठली आणि थेट तिच्यावर झेपावली, परत आली, परत झेपावली. एवढा मोठा ट्रॅक्टर अगदी जवळून गेला तेव्हा हलली नव्हती ती. बाईने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि चोच लागू दिली.