कॉर्ड बदलणारी बोटं

गिटार शिकवणाऱ्याकडं किस्से आपोआप साठतात. नवा माणूस कॉर्ड बदलायला लागला की त्याचं सगळं लक्ष बोटांत जातं, आणि आजूबाजूला काय होऊन राहिलंय हे बघायला मी एकटाच उरतो. लातुरात माझा क्लास आहे, शनिवारी नांदेडजवळ विष्णुपुरीला जातो. चहावर हसण्यासारखे किस्से पुष्कळ आहेत. हे चार मी सहसा सांगत नाही.

•

वैष्णवी मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी करता करता गिटार शिकायची. सी कॉर्डवरून ए मायनरला जाताना ती सगळी बोटं उचलायची. मी रोज सांगायचो, "पहिली दोन हलवू नको. फक्त तिसरं सरकव." जमायचं नाही.

एका दुपारी तिची आई क्लासमध्ये आली. "सर, पोरगी झोपली की तिचा हात चालतो." मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. वैष्णवी गाढ झोपलेली, डावा हात आईच्या मनगटावर. दोन बोटं घट्ट, तिसरं सरकतंय. अगदी तालात.

"छान आहे की," मी म्हणालो. "डोक्यात बसलंय तिच्या."

आईनं बाही वर केली. मनगटावर सहा बारीक, सरळ वळ होते. तारांचे उठतात तसे.

•

विष्णुपुरीला समीर नावाचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. जी वरून डी ला त्याचा हात वेळेत पोचायचा नाही. मी म्हणालो, "चौथा ठोका वाजवूच नको. तेवढ्या वेळात हात हलव."

पावसाळ्यात तिथल्या धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी भोंगा होतो. मोठ्या आवाजानं भिंतीवरच्या गिटारची तार गुणगुणते, हे आम्हाला माहीत होतं. समीर म्हणाला, "सर, नीट ऐका. तार आधी वाजते. चार ठोक्यांनी भोंगा."

मी मोजलं. खरं होतं.

त्यानं ती तार काढून, गुंडाळून टेबलावर ठेवली. पुढच्या शनिवारी आमच्या डोळ्यांसमोर ते वेटोळं थरथरलं. एक, दोन, तीन, चार. भोंगा झाला.

समीरची डी तेव्हापासून कधी चुकली नाही.

•

उदगीरच्या एक शिक्षिका, सुलोचनाबाई, जुनी गिटार घेऊन आल्या. आधीच्या मालकानं इतकी वाजवलेली की बोटं टेकतात तिथं लाकडाला खळगे पडलेले. बाईंनी कधी गिटार हातात धरली नव्हती, पण बोटं त्या खळग्यांत बसायची आणि आठवड्यात बाई चार कॉर्ड एकामागून एक बदलायला लागल्या. मला शिकवायला काही उरलंच नाही.

फक्त चौथ्या कॉर्डनंतर हात थांबायचा.

"पुढं सी घ्या," मी म्हणालो.

"न्हाई येत सर. हात जड होतो."

त्यांनी गिटार विकणाऱ्याला फोन केला. ती गिटार त्याच्या मोठ्या भावाची होती. रोज एकच चाल वाजवायचा. एक दिवस चाल अर्धी टाकून बाहेर गेला, तो परत आलाच नाही.

बाईंनी नवी गिटार घेतली. तिच्यावर त्यांना एकही कॉर्ड येत नव्हती. अगदी पहिल्यापासून शिकल्या.

•

ज्ञानोबामामा डाळ मिलमधून रिटायर झालेले. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मिलच्या पट्ट्यात गेलेली. मामी चांगल्या गायच्या, पण आजारपणानं गाणं सुटलं होतं. आपण वाजवलं तर ती गाईल, एवढ्यासाठी मामा शिकायला आले.

मी त्यांना दोन बोटांच्या कॉर्ड दिल्या. डी ला मात्र तीन बोटं लागतातच. "मामा, डी ला मधली तार सोडून द्या. खालची-वरची दाबा. चालतंय."

"हाव," म्हणाले.

दोन महिन्यांनी मामींना ऑटोत घालून घेऊन आले. मामी भिंतीला टेकून बसल्या आणि डोळे मिटून घेतले. मामा वाजवायला लागले, मामी हळूहळू गायला लागल्या. मी पेटीवर सूर धरला होता.

डी आली. पूर्ण आली. मोकळ्या सोडलेल्या तारेचा सूर वेगळा असतो, तो मला झोपेतही ओळखू येतो. ही तार दाबलेली होती.

पेटी सोडून मी वाकून बघितलं. मामांची दोन बोटं आपापल्या जागी होती. त्यांच्यामधली तार तिसऱ्या फ्रेटच्या पट्टीपाशी लाकडापर्यंत खाली गेलेली. तिच्यावर काहीच नव्हतं.

मामांच्या कपाळावर घाम आला होता.

"बघू नका सर," ते हळूच म्हणाले. "कुणी बघितलं की दुखतं."

मामी डोळे न उघडता गातच होत्या. मी खिडकीकडं तोंड फिरवलं. पुढच्या ओळीला डी पुन्हा आली, आणि स्वच्छ वाजली.